वादळाच्या वाटेवरची नदी

बऱ्हाणपूरच्या राजघाटाच्या पायऱ्या उतरून गेलं की शाही किल्ल्याचे बुरूज पाठीशी राहतात आणि समोर तापी येते. इथले हिंदी बोलणारे तिला ताप्ती म्हणतात, मराठी घरांत ती तापीमाई. पात्रातल्या काळ्या खडकांत दगडाचा एक हत्ती उभा आहे. उन्हाळ्यात तो पायापासून सोंडेपर्यंत उघडा असतो. पावसाळ्यात तोच गावाची मोजपट्टी होतो. पाय बुडाले तर कुणी वळून बघत नाही. पोटाला पाणी लागलं की घाटावर माणसं जमू लागतात. आणि पाठीची काळी रेघही दिसेनाशी झाली, की ‘हत्ती बुडाला’ हे दोन शब्द शनवाऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

त्या दिवशी बऱ्हाणपुरात पाऊस पडत असेलच असं नाही. कधी वर स्वच्छ ऊन असतं, दोरीवर कपडे वाळत असतात, आणि खाली नदी दुथडी भरून, लालसर तपकिरी रंगाची, आख्खी झाडं वाहून नेत असते. हे पाणी आलं कुठून? घाटावरचा कुणीही सांगेल, ‘वरून’. वरून म्हणजे बैतूलच्या पठारावरून, मेळघाटातून. ते खरंच आहे, पण या पाण्याचं माहेर त्याहून फार लांब आहे. पश्चिमेला सुरतेचा समुद्र इथून सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. पूर्वेला बंगालचा उपसागर हजार किलोमीटरच्याही पलीकडे. बऱ्हाणपुरात आयुष्य काढलेल्या कितीतरी माणसांनी समुद्र पाहिलेला नसतो. पण तापीच्या मोठ्या पुरांची गोष्ट बहुतेक वेळा त्या पूर्वेच्या समुद्रातच सुरू झालेली असते. या प्रकरणात आपण वादळाचा जन्म, वाढ आणि मरण पाहणार आहोत, आणि ते किनाऱ्यावरून न पाहता या घाटावरून पाहणार आहोत. कारण वादळ मेलं म्हणून किनाऱ्यावरचे लोक सुटकेचा श्वास टाकतात, तेव्हा कुठे आमच्याकडची गोष्ट सुरू होत असते.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. रावेरपासून बऱ्हाणपूरपर्यंत केळीच्या पट्ट्यात ‘चक्रीवादळ आलं’ हे वाक्य दरवर्षी मे-जूनमध्ये ऐकू येतं. बहुतेक वेळा ते चक्रीवादळ नसतं. एप्रिलच्या दुपारी मोकळ्या रानात पाचोळा गरगरा फिरवत नेते ती वावटळ. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते, काही मिनिटं नाचते आणि विरते. मे महिन्यात संध्याकाळी काळे ढग सातपुड्यावरून उतरतात, धुळीचा लोट येतो, गारा पडतात, पत्रे उडतात, ते वळवाचं वादळ. जुने लोक त्या वाऱ्याला वावधान म्हणतात. त्याचा जीव तास-दोन तासांचा आणि पसारा काही किलोमीटरांचा. एका शिवारातली बाग आडवी होते आणि बांधापलीकडच्या बागेचं पान हलत नाही. खरं चक्रीवादळ ही तिसरीच गोष्ट. त्याचा घेर शेकडो किलोमीटरांचा, आयुष्य दिवसांचं, कधी आठवड्याहून जास्त, आणि त्याचा जन्म फक्त समुद्रावर होऊ शकतो.

समुद्रावरच का, हे कळायला चुलीवरचं पातेलं पुरेसं आहे. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळी फुटेपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण सातपट उष्णता त्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. ही उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेत लपून राहते, आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. समुद्राच्या वरच्या पन्नासेक मीटर थरातलं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं, की त्यावरून अशी लपवलेली उष्णता घेऊन वाफ अखंड वर चढत राहते. उंचावर तिचे ढग होतात, थेंब बनतात, उष्णता सुटते, भोवतालची हवा गरम आणि हलकी होऊन आणखी वर जाते. खाली पृष्ठभागावर दाब कमी होतो. ती पोकळी भरायला चहूबाजूंनी दमट वारे धावतात आणि येताना समुद्रावरून आणखी वाफ घेऊन येतात. म्हणजे चुलीतला जाळच स्वतःसाठी लाकडं ओढून आणतो.

पण धावत येणारा वारा सरळ मध्यावर पोचत नाही. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे उत्तर गोलार्धात प्रत्येक वारा आपल्या उजवीकडे वळतो, आणि सगळे वारे मिळून मध्याभोवती प्रदक्षिणेच्या उलट दिशेने फिरू लागतात. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळण फार क्षीण असतं, म्हणून तिथे समुद्र कितीही तापला तरी चक्रीवादळं जवळजवळ होतच नाहीत. आणखी एक अट आहे. खालचा आणि उंचावरचा वारा यांच्या वेगात आणि दिशेत फार फरक नको. फरक असला की ढगांचा मनोरा कलंडतो आणि चूल विझते. ही अट लक्षात ठेवा, बऱ्हाणपूरच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

सगळ्या अटी जुळल्या तर बाळसं धरायला वेळ लागत नाही. भारतीय हवामान विभाग वाऱ्याच्या वेगावरून त्याला एकेक पायरी चढवतो. आधी नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. वारा ताशी ३१ किलोमीटर झाला की डिप्रेशन, ५० झाला की डीप डिप्रेशन. ६२ ओलांडले की ते चक्रीवादळ होतं आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. २२२ च्या वर गेलं तर महाचक्रीवादळ. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात पारादीपजवळ आदळलेलं वादळ या शेवटच्या पायरीवरचं होतं. त्यात सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि बहुतेकांचा जीव वाऱ्याने घेतला नाही, पाण्याने घेतला. वादळ समुद्राचं पाणी पुढे ढकलत आणतं. उथळ किनाऱ्यावर ते भिंतीसारखं चढतं आणि सपाट भातखाचरांतून मैलोगणती आत शिरतं. वीस वर्षांनी, मे २०१९ मध्ये, फणी वादळ त्याच राज्यात पुरीजवळ आलं तेव्हा बारा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवलेली होती आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ थांबवता येत नाही. पण माणसं त्याच्या वाटेवरून बाजूला करता येतात, हे या देशाने शिकून दाखवलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पूर्ण वाढलेल्या वादळाच्या मध्यभागी डोळा असतो. तीस-चाळीस किलोमीटरांचं शांत वर्तुळ, जिथे हवा वरून खाली उतरते, ढग विरळ होतात, रात्री चांदण्यासुद्धा दिसतात. त्याला लागून ढगांची उभी भिंत, आणि सर्वांत भयंकर वारा तिथेच. डोळा डोक्यावर आला की संपलं असं समजून माणसं बाहेर पडतात आणि दुसरी भिंत उलट दिशेचा वारा घेऊन येते. सापाच्या वेटोळ्यासारखं हे रूप पाहून, ग्रीक भाषेतल्या वेटोळ्याच्या शब्दावरून ‘सायक्लोन’ हे नाव बनवलं ते कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने, १८४८ मध्ये. जगभर चाललेला हा शब्द आपल्या उपसागराच्या काठी घडलेला आहे.

जमिनीवर आलं की वादळाची चूल विझू लागते. खालून वाफेचा पुरवठा तुटतो, डोंगर-झाडं-घरं वाऱ्याला अडवतात. एक-दोन दिवसांत चक्रीवादळाचं डिप्रेशन होतं, मग नुसता कमी दाब. बातम्यांतून त्याचं नाव जातं. पण वारा मेला तरी ढगांत साठलेलं पाणी कुठे जाणार? ते जिथे जाईल तिथे पडणार. सप्टेंबर २०२१ मधलं गुलाब वादळ याचा चांगला दाखला आहे. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते आंध्र प्रदेशाच्या उत्तर टोकाला कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. वेग फार नव्हता, ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी ते तेलंगणात आलं तोवर चक्रीवादळ उरलंच नव्हतं. तरीही २७ ते २९ सप्टेंबर या काळात मराठवाड्याची त्याने दैना केली. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, मांजरा नदीने काठची गावं वेढली. मग विदर्भाचा पश्चिम भाग आणि उत्तर महाराष्ट्र ओलांडत ते गुजरातच्या किनाऱ्यावरून पुन्हा समुद्रावर उतरलं. अरबी समुद्र गरम होता. विझलेल्या चुलीत पुन्हा जाळ धरला, ते पुन्हा चक्रीवादळ झालं, नवं नाव मिळालं शाहीन, आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळलं. एका किनाऱ्यावर मेलेलं वादळ चार-पाच दिवसांत दुसऱ्या किनाऱ्यावरून उठलं, आणि त्याची मधली वाट आपल्या शेतांवरून गेली होती.

गुलाब सप्टेंबरअखेरचं. भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, उपसागरावर चक्रीवादळं क्वचितच होतात. कारण ती मघाची अट. मोसमी पावसात खालून नैऋत्येचे वारे वाहतात आणि उंचावर पूर्वेचे, तेही फार वेगाने. ढगांचा मनोरा सरळ उभाच राहू शकत नाही. शिवाय या दिवसांतली वादळं उपसागराच्या उत्तर टोकाला, किनाऱ्याच्या इतक्या जवळ जन्मतात की वाढायला त्यांना समुद्र उरत नाही. म्हणून ती डिप्रेशन किंवा डीप डिप्रेशनच्या पायरीवरच ओडिशाचा किनारा ओलांडतात. नाव नाही, डोळा नाही, दूरचित्रवाणीवर गरगर फिरणारं चित्र नाही. मला वाटतं, म्हणूनच आपण त्यांना पुरेसं ओळखत नाही. तापीच्या खोऱ्याला सर्वांत मोठे तडाखे या बिननावाच्या वादळांनीच दिले आहेत.

ही वादळं साधारणपणे पश्चिम-वायव्येकडे सरकतात. छत्तीसगड, जबलपूर, सागर, भोपाळ अशी त्यांच्या केंद्राची वाट. दिवसाला चार-पाचशे किलोमीटर धरले तर उपसागरापासून मध्य प्रदेशाच्या मध्यापर्यंत यायला दोन-अडीच दिवस लागतात. खाली जमीन आधीच चिंब असते, भाताची खाचरं भरलेली असतात, त्यामुळे जमिनीवरूनही वाफ मिळत राहते आणि ती समुद्र सोडून हजार किलोमीटर आत आली तरी तग धरतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्यांचा मुसळधार पाऊस केंद्राभोवती सारखा पडत नाही. तो पडतो केंद्राच्या नैऋत्येला. केंद्र जबलपूर-सागरच्या बाजूला असेल तर नैऋत्येला नकाशावर काय येतं ते बघा. बैतूल, मेळघाट, बऱ्हाणपूर. म्हणजे तापीचा माथा.

आता नदीकडे बघू. तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते. मूळतापीचंच झालं मुलताई. तिथली उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर. बऱ्हाणपूरला येईपर्यंत, साधारण अडीचशे किलोमीटरांत, ती पाचशे मीटरांहून जास्त उतरते. पुढे समुद्रापर्यंत तिला जवळजवळ पावणेपाचशे किलोमीटर जायचंय आणि उतार उरलाय सव्वादोनशे मीटरांच्याही आतला. वरचा भाग डोंगराळ, उताराचा. खडकावर पडलेलं पाणी तिथे थांबत नाही. सिपना, खापरा, खंडू यांसारख्या मेळघाटातल्या नद्या ते काही तासांत तापीच्या हवाली करतात. बऱ्हाणपूरला तापी डोंगर सोडून मैदानात येते, आणि शहराजवळ मोहना आणि उतावली याही तिला येऊन मिळतात. शहर वसवणाऱ्यांनी उत्तर काठ निवडला, उंच, किल्ल्याला साजेसा. पण वस्ती वाढत वाढत खाली उतरत गेली, तसा पूरही जवळ येत गेला.

आणि ही नदी पश्चिमेला वाहते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे इतकं परिचयाचं आहे की त्यातलं विशेष लक्षात येत नाही. गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेला जातात. पूर्वेकडून येणारं वादळ त्यांना समोरून भिडतं. खालच्या खोऱ्यातला पाऊस आधी पडतो आणि त्याचं पाणी बरंचसं पुढे निघून जातं, मग वरच्या खोऱ्याची पाळी येते. तापी आणि नर्मदेचं उलट आहे. वादळ नदीबरोबरच चालतं. आधी मेळघाटात पाऊस पडतो, पुराचा लोंढा बऱ्हाणपूरकडे निघतो. लोंढा खाली सरकतो तसं वरती ढगही पश्चिमेला सरकतात. चांगदेवजवळ पूर्णा अकोल्याकडचं पाणी घेऊन येते, पुढे वाघूर, गिरणा, अनेर, पांझरा. प्रत्येक उपनदी नेमकी तेव्हाच भरलेली असते जेव्हा मुख्य लोंढा तिच्या तोंडाशी येतो. दिंडीत वाटेवरच्या प्रत्येक गावाची माणसं मिळत जावीत तसं पाणी पाण्याला मिळत जातं, आणि सगळ्यांचा मुक्काम एकच, सुरत.

ऑगस्ट १९६८ मध्ये हे सगळं जुळून आलं. सुरतेला तापीतून त्या वेळी सुमारे १५ लाख क्यूसेक पाणी गेलं. एक क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, अठ्ठावीस लिटरांच्या वर. दोन मोठ्या बादल्यांएवढं. तशा पंधरा लाख जोड्या दर सेकंदाला. त्यानंतर चार वर्षांनी उकाईचं धरण पूर्ण झालं, आणि लोकांना वाटलं आता प्रश्न मिटला. ऑगस्ट २००६ मध्ये पुन्हा उपसागरातून आलेल्या कमी दाबाने वरच्या खोऱ्याला झोडपलं, आधीच भरत आलेल्या उकाईतून नऊ लाख क्यूसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं, आणि सुरत शहराचा बहुतांश भाग बुडाला. दोन्ही वेळी बातमी सुरतेची झाली. पण त्या पाण्याचा एक मोठा हिस्सा राजघाटावरच्या हत्तीवरून गेला होता.

थोडं गणित करून बघू, कारण आकड्याशिवाय पावसाची ताकद कळत नाही. बऱ्हाणपूरच्या वर तापीचं पाणलोट क्षेत्र सुमारे दहा हजार चौरस किलोमीटर आहे. त्यावर सरासरी दहा सेंटिमीटर पाऊस एका दिवसात पडला, तर पाणी झालं एक हजार दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं किंवा वाटेत अडलं असं धरलं, तरी पाचशे दलघमी नदीत येतं. खाली भुसावळजवळ हतनूर धरण आहे. त्याची एकूण साठवण ३८८ दलघमी. म्हणजे वादळाच्या एका दिवसात धरण रिकामं असलं तरी भरून वाहील, आणि पूर्णेचं पाणी तर अजून धरलेलंच नाही. म्हणून हतनूरला पूर ‘अडवण्याचा’ फारसा प्रश्न येत नाही. त्याच्या एक्केचाळीस दरवाज्यांतून पाणी वेळेवर पुढे सोडायचं, एवढंच हाती असतं. जळगाव जिल्ह्यात पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले’ ही बातमी पाठ असते. वर बऱ्हाणपुरात ती ऐकली की हत्तीवर पाणी चढलेलं असतं, किंवा नुकतंच उतरलेलं असतं.

पश्चिमेकडूनही कधी पाहुणा येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्याने. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, आंबे, काजू, पिढ्यान्‌पिढ्या लावलेली झाडं एका दुपारी मोडून पडली. मग ते सह्याद्री ओलांडून ईशान्येला निघालं आणि ४ जूनच्या सकाळी डिप्रेशन होऊन अकोल्याच्या पश्चिमेला, म्हणजे आमच्या उंबऱ्यावरच आलं. समुद्रात जन्मलेलं वादळ इतकं जवळ येणं हे इथे क्वचित घडतं. वाऱ्याचा जोर तोवर गेलेला होता. पण केळीला फार जोर लागतच नाही.

केळीचं झाड नीट बघितलंत तर कळेल का. ज्याला आपण खोड म्हणतो ते लाकूड नाहीच. पानांच्या देठांचे पापुद्रे एकावर एक गुंडाळून झालेला तो गाभ्याचा खांब. आडवा कापला तर आत पाण्याने भरलेल्या जाळ्या दिसतात. मुळं वरच्या दोन फुटांत पसरलेली. त्यावर वीस-पंचवीस किलोचा घड एका बाजूला लोंबकळलेला. झाडाने वाऱ्याशी जमवून घेण्याची आपली एक युक्ती शोधली आहे. पान शिरांच्या रेघेने फाटतं, चिंध्या होतात, आणि वारा त्यांतून निघून जातो. कोवळी बाग म्हणूनच वाचते. घड धरलेलं झाड मात्र तोल सांभाळू शकत नाही. ते मध्यावर मोडतं किंवा मुळासकट कलतं, आणि एक पडलं की शेजारच्याला घेऊन पडतं. नव्या लागवडीची नवतीची बाग असो की जुन्या झाडाच्या पिलांची पिलबाग, कापणीला पंधरा दिवस राहिलेले असताना आडवी झाली की वर्षाची मेहनत आणि ठिबकपासून खतापर्यंतचं सगळं कर्ज त्या चिखलात. अर्धवट भरलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही. शहाणे शेतकरी बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावतात. वाऱ्याची धार त्याने बोथट होते. हा साधा उपाय आणखी बांधांवर दिसायला हवा, असं दर जूनला वाटत राहतं.

एवढं वाचून वाटेल, ही वादळं आलीच नाहीत तर बरं. बऱ्हाणपूरने तेही पाहिलं आहे. १६३० मध्ये गुजरात, खानदेश आणि दख्खनवर पाऊस आला नाही. शहाजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी याच शहरात तळ देऊन होता; जून १६३१ मध्ये मुमताज महल इथेच गेली आणि पलीकडच्या काठावर जैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं. १६३० च्या हिवाळ्यात पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्याला निघाला होता. त्याने वाटेवर पडलेल्या प्रेतांचं जे वर्णन लिहून ठेवलं आहे ते वाचवत नाही. बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे लंगर उघडले, बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम दिला. ते कुठे पुरणार होतं? याच दुष्काळात तिकडे देहूत तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली. आमच्याकडे कुंडी भंडारा आहे, रहीम खानेखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या भुयारांनी शहरात आणणारी ती विहिरींची रांग. चारशे वर्षांनंतर अजून तिच्यात पाणी आहे. पण ती शहराची तहान भागवते, रानातलं पीक पिकवू शकत नाही. त्यासाठी उपसागरातून ढगच यावे लागतात. मध्य भारतात पावसाळ्यातल्या पावसाचा मोठा वाटा या कमी दाबाच्या क्षेत्रांचाच असतो. ज्या वर्षी ती थोडी येतात, त्या वर्षी विहिरी जानेवारीतच तळ दाखवतात.

आपल्या हवामान विभागाच्या जन्मामागेही या दोन्ही आपत्ती आहेत. १८६४ मध्ये कोलकात्याला चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलं, आणि त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये पाऊस हुकला. मग १८७५ मध्ये देशभर एका पद्धतीने हवा मोजणारं खातं सुरू झालं. अति आणि अभाव, दोन्हींची काळजी एकाच कचेरीकडे आली हे मला फार योग्य वाटतं.

अलीकडे हिशोब बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिप्पट झाल्या, आणि त्यांना लागणारी जादा वाफ तापत चाललेल्या अरबी समुद्रावरून येते. त्याच संस्थेच्या २०२१ मधल्या अभ्यासानुसार अरबी समुद्रातली चक्रीवादळं संख्येने वाढली आहेत आणि पूर्वीपेक्षा जास्त दिवस टिकू लागली आहेत. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. त्यामुळे एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो थोड्या दिवसांत, एकदम कोसळतो. शेतकरी हे आकडे न वाचताही सांगतो. पूर्वी झड लागायची, आठ-आठ दिवस बारीक पाऊस चालायचा, जमिनीत मुरायचा. आता झड लागत नाही, नुसते लोंढे येतात.

मात्र एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. वादळ नदीबरोबर चालतं, पण ते अचानक येत नाही. उपसागरावर कमी दाब तयार झाल्याचं उपग्रहावरून दिसतं तेव्हा तापीच्या माथ्यावर पाऊस पडायला दोन-तीन दिवस असतात. मग नागपूर आणि भोपाळच्या रडारवर ढग दिसू लागतात. शेवटी सगळ्यांत जुनं आणि साधं साधन उरतं, पर्जन्यमापकाचं नळकांडं. हतनूरच्या पाणलोटातली नावं खानदेशातल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं एकाखाली एक छापली जातात: बऱ्हाणपूर, देडतलाई, टेक्सा, एरडी, गोपालखेडा, चिखलदरा, लखपुरी, लोहतार, अकोला. पावसाळ्यात या नावांकडे लोक बाजारभावासारखं बघतात. सकाळचे साडेआठ ही देशभर पाऊस मोजायची ठरलेली वेळ. रात्रभर कोसळून उजाडलेलं असतं. कुणीतरी छत्री धरून, अंगणातल्या चिखलातून त्या नळकांड्यापाशी जातो, आत साठलेलं पाणी काचेच्या मापात ओततो, माप डोळ्यांसमोर धरतो, आणि देडतलाईचा आकडा खाली फोनवर सांगतो. राजघाटावर त्या वेळी हत्तीच्या पोटाला नुकतं पाणी लागलेलं असतं.